एक वाट, एक कान

ध्वनिमुद्रणात आधी पावले ऐकू येतात. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग माझी थोरली बहीण, आसपास कुणी नाही अशा समजुतीने, स्वतःशीच पुटपुटते: "सहावा थांबा. कस्तूर एक. माशीमार दोन. खाटीक नाही. सुईवाला..." इथे ती थांबते. तिचे हे थांबणे मी लहानपणापासून ओळखते. त्यात आळस नसतो की घाई नसते. समोरच्याला आपली बाजू मांडायची पुरेपूर संधी देणाऱ्या न्यायाधीशाचे ते थांबणे असते. आणि त्या संधीत, तिच्या डोक्यापासून फार तर दोन हातांवर, एक सुईवाला जीव तोडून गात असतो. गाणे संपते. पुन्हा सुरू होते. "सुईवाला," ताई म्हणते, "शून्य." पेन्सिल कागदावर खरखरते, पावले दूर जातात, पक्षी गातच राहतो.

मी हेडफोन काढला, पुसला आणि पुन्हा लावला. आयुष्यभर संख्याशास्त्र केलेल्या बाईने पुरावा आवडला नाही म्हणून हेडफोन पुसावा, हे कुणी पाहिले नाही ते बरे झाले.

सुईवाला म्हणजे झुडपांत राहणारा एक इवलासा वटवट्या. त्याचे शास्त्रीय नाव त्याच्या अंगापेक्षा लांब असल्यामुळे आमच्या संस्थेत त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. तो दिसतो क्वचित, ऐकू येतो. गाणे इतके बारीक आणि इतक्या वरच्या पट्टीतले, की कुणी हवेतून सुई ओवते आहे असे वाटावे. दाट झुडपांत पक्षी मोजायचे ते डोळ्यांनी नव्हे, कानांनी. ठरलेल्या वाटेवर ठरलेले थांबे असतात. उजाडताना प्रत्येक थांब्यावर ठरावीक वेळ उभे राहायचे, जे ऐकू येईल ते लिहायचे आणि पुढे जायचे. शहराबाहेरच्या झुडपी पट्ट्यातल्या वाटेवर हे काम ताई पंचवीसेक वर्षे करत आली होती. प्राणिशास्त्र विभागाची प्रमुख म्हणून ती निवृत्त झाली, पण वाट तिने सोडली नाही. सोडता येणारच नव्हती, कारण नियम तिनेच केला होता: एक वाट, एक कान. मोजणारा बदलला की मोजणी बदलते. एकाला जास्त ऐकू येते, दुसऱ्याला कमी. मग पक्षी घटले की कान बदलला, हे कळायचे कसे? म्हणून माणूस बदलायचा नाही. परिषदांतून या नियमाची वाहवा झाली. सगळे काही हलणाऱ्या जगात आपण निदान एक गोष्ट स्थिर ठेवली, असा आमचा अभिमान होता. ती स्थिर गोष्ट म्हणजे माणसाचा कान आहे आणि माणसे म्हातारी होतात, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आले नाही. आम्ही सगळे फार शिकलेले होतो.

या शून्याला गिऱ्हाईक होते. झुडपी पट्टा सुईवाल्याच्या नावाने संरक्षित होता. जोवर तो तिथे घरटी करतो, तोवर तिथे एक वीटही ठेवता येणार नव्हती. ताईच्या मोजणीत तो लागोपाठ काही हंगाम शून्यावर आला, तेव्हा गोदामे बांधणाऱ्या एका कंपनीने क्षेत्र-समितीकडे अर्ज केला: पक्षी गेला आहे, तर कुंपण कुणासाठी? अर्जाला जोडलेला एकुलता एक शास्त्रीय पुरावा आमच्याच संस्थेचा होता. समितीची बैठक तोंडावर आली होती.

घसरणीचे स्पष्टीकरणही आमच्याकडे तयार होते. वसंत आता लवकर तापतो. अळ्या लवकर येतात आणि लवकर संपतात. पिल्ले अंड्यातून बाहेर पडेपर्यंत ताट रिकामे झालेले असते. कस्तूर आणि माशीमार यांच्या बाबतीत हे खरे आहे. चंडोलाची तर कुरणेच नांगराखाली गेली. सुईवाल्याची उतरती रेषा तापमानाच्या चढत्या रेषेशी इतकी सुबक जुळली, की संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर ती छापली गेली. जुळणारच. वर्षे उलटतात तशी हवा तापते, आणि वर्षे उलटतात तसा कानही थकतो. तो एका दिवसात बंद होत नाही. त्याचे वर्तुळ आकसत जाते: आधी लांबचे सुईवाले गेले, मग मधले, शेवटी डोक्यावरचे. उतार एवढा देखणा होता, कारण तो पुष्कळसा पक्ष्यांचा नव्हताच.

जुन्या तर्कशास्त्र्यांनी यासाठी एक अट घालून ठेवली होती. एखादी वस्तू आढळली नाही म्हणून ती नाही, असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याला ती असती तर नक्की आढळली असती. ही अट मी विद्यार्थिदशेत पाठ करून उत्तम गुण मिळवले होते. वापरायचीही असते, हे अभ्यासक्रमात नव्हते.

झाडांना रेकॉर्डर बांधले होते ते भलत्याच कारणासाठी. मोजणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच पक्षी गाऊन मोकळे होतात काय, हे मला पाहायचे होते. हवामानाला पकडायला लावलेल्या सापळ्यात माझी बहीण सापडली.

संचालकांनी ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकले. ऐकताना त्यांचा चेहरा एखाद्या मोठ्या देणगीदाराच्या शोकसभेत बसल्यासारखा झाला.

"हे आणखी कुणी ऐकलंय?"

"पक्ष्याने."

"बाई, चेष्टा नको." त्यांनी उठून दार लावले. "घट ही घट असते. एवढ्या वर्षांचं काम आहे. एका पक्ष्यात चूक निघाली, की लोक म्हणणार सगळ्यांत चूक. कस्तूर, चंडोल, हवामान, सगळं धुऊन जाईल. हेच हवंय का तुम्हाला?"

"म्हणजे पट्टा गेला तरी चालेल?"

"पट्टा..." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. तिथून गाड्या लावायची जागा दिसते. "एका पट्ट्यासाठी अख्खी परंपरा पणाला लावायची का, असा प्रश्न आहे. आणि ताईंना काय वाटेल, याचा तरी विचार करा. त्यांच्या नावाचं सभागृह करतोय आपण."

"कुठलं सभागृह?"

"तळमजल्यावरचं. आवाज जरा घुमतो तिथे. पण होईल."

त्यांचे अर्धे बोलणे खरे होते, हीच त्यातली नीच गोष्ट. धडधडीत खोटे बोलणाऱ्या माणसाशी भांडता येते. अर्धे खरे बोलणारा आपल्याला घरापर्यंत पोचवायला येतो. गप्प राहिले, तर जिवंत पक्ष्याच्या डोक्यावर गोदामे उभी राहणार. बोलले, तर खरोखर मेलेल्या पक्ष्यांचा साक्षीदार खोटा ठरणार. आणि दोन्हीकडून ताईचे जायचे ते जाणारच होते. मी कार्यालयात बसू शकेना, घरी झोपू शकेना. एकच फाइल उघडायची, तेवढाच तुकडा ऐकायचा, बंद करायची आणि ताईच्या घराकडे चालू लागायचे, असा क्रम सुरू झाला.

"मेहुणीबाई, तोंड उघडा," भाऊजी म्हणाले. ताईचे यजमान निवृत्त दंतवैद्य आहेत. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर पोटासाठी म्हटले. आता हौसेसाठी म्हणतात. "आत काहीतरी किडलंय. रोज येता, खुर्चीच्या काठावर बसता, चहा निववता आणि उठून जाता. माझ्याकडे पेशंट असेच करायचे. दुखतंय कुठे ते सोडून सगळं सांगायचे."

ताई गच्चीत कपडे वाळत घालत होती. आत वॉशिंग मशीनचे काम संपले आणि ते बारीक आवाजात टीं टीं करू लागले. भाऊजी लगबगीने उठले, बटण दाबून आले आणि बसले. त्यांच्या त्या लगबगीत सराव होता.

"तुम्ही का उठलात?" मी विचारले. "ताईला सांगायचं ना."

त्यांनी गच्चीच्या दाराकडे पाहिले. "मागच्या वर्षी हिने मेकॅनिक बोलावला. म्हणाली, मशीन मुकं झालंय, संपल्याचं सांगतच नाही. तो आला, त्याने चालवून बघितलं, तर मशीन ठणठणीत. टीं टीं टीं. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आणि ही आमच्या दोघांकडे बघून म्हणतेय, 'बघा! वाजतंय का?'"

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, करा हो दुरुस्त. त्याने मागचा एक स्क्रू काढला, तोच परत लावला, आणि गेला. समजूतदार माणूस. तेव्हापासून मशीन वाजलं की मी उठतो."

"भाऊजी, म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"मला मशीनचं माहीत होतं. पक्ष्यांचं मला काय ठाऊक? मला वाटायचं, पक्षी तुम्ही लोक वेगळ्याच कानाने ऐकता."

यावर रागवायचे होते, पण राग कुणावर काढावा ते कळेना. त्यांनी केले ते प्रेमापोटी केले होते. संस्थेने केले ते आदरापोटी. या दोन सद्गुणांनी मिळून एका पक्ष्याची कागदोपत्री उत्तरक्रिया उरकली होती.

ताई रिकामी बादली घेऊन आत आली. "काय कुजबुज चाललीय? आणि चिमणे, तू हल्ली रोज येतेस. तुझ्या घरी पाणी येत नाही का?" मी पंचावन्न ओलांडली आहे, ताईच्या लेखी मी अजून चिमणीच आहे.

मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला. पडद्यावर ध्वनीचे चित्र होते: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर स्वराची उंची. तळाशी बोलण्याचे जाड पट्टे, मध्ये कस्तुराच्या वेलांट्या, आणि पार वर, चौकटीच्या कडेला, बारीक टाक्यांची एक रांग. ताईने चष्मा नाकावर चढवला. असली चित्रे ती वर्तमानपत्रासारखी वाचते.

"सहावा थांबा?"

"हो."

"हा घसा माझा. हे माझं बोलणं." तिचे बोट पडद्यावरून सरकत होते. "इथे कस्तूर. इथे मी थांबले." बोट थांबले. मग सरळ वर गेले. "आणि हा कोण?"

तिला उत्तर नको होते.

"पुढे मी काय म्हटलंय?"

"शून्य."

भाऊजींनी चहाचे कप उचलले आणि जिथल्या तिथे परत ठेवले. मी हेडफोन पुढे केला. "ऐकतेस?"

"खबरदार!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की मी हात मागे घेतला. "ऐकू आलं तर तू खोटी आणि नाही आलं तर मी. असले निकाल जेवणाच्या टेबलावर लावायचे नसतात." ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. "नियम कुणी केला?"

"तू."

"तपासला कुणी?"

"मी."

"मोजणारा बदलला तर काय होईल, यावर तू पानंच्या पानं समीकरणं लिहिलीस. मला आठवतंय, डोकं उठलं होतं माझं वाचून. आणि मोजणारी म्हातारी झाली तर काय होईल, यावर एक ओळ नाही?"

"नाही."

"का नाही?"

"मोजणारी तू होतीस म्हणून."

"वा! म्हणजे माझा मान राखलास. थोरांचा मान राखता राखता अख्खा पक्षी मारलात तुम्ही."

"मारला कुठे?" भाऊजी म्हणाले. "उलट जिवंत आहे म्हणतेय ती."

"तुम्ही मध्ये बोलू नका. आधी ते मशीन झालंय का बघा."

"झालं. बंद केलंय."

"केव्हा?"

"वाजलं तेव्हा," भाऊजी म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळले.

ताईने नवऱ्याकडे पाहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. चाळीस वर्षांच्या संसारात काही वाक्ये बोलावी लागत नाहीत. ती दोघांच्या मधल्या जागेतून चालत जाताना दिसतात. मग ती खुर्चीवर बसली आणि कपड्यांचे चिमटे बादलीतून एकेक काढून टेबलावर ओळीने मांडू लागली.

"माझे कान तपासून घे," ती शेवटी म्हणाली. "मला घेऊन चल म्हणत नाहीये मी. तपासून घे. उपकरण आहे ते संस्थेचं."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला काचेच्या कोठडीत बसवले. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. मी बाहेरून पाहत होते: तिचा अंगठा आधी नेमाने हलत होता, मग अडखळत, मग नुसताच बटणावर टेकून राहिला. त्या स्थिर अंगठ्याकडे पाहत मी खुर्ची बदलली, मासिक उलटे धरले, पाण्याच्या यंत्रापाशी जाऊन आले. ताई मात्र बाहेर आली ती थेट आलेखावर झुकली.

"हे सुंदर आहे," ती म्हणाली. "इथपर्यंत सपाट मैदान. आणि इथून कडा."

"वयोमानाने असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यंत्र लावूया. माणसांचं बोलणं जास्त स्पष्ट होईल."

"माणसांचं बोलणं मला आहे तेच नको तितकं स्पष्ट ऐकू येतं. चिमणे, पेन्सिल काढ. कस्तूर कुठे बसतो?"

मी आलेखावर खूण केली. कड्याच्या बरीच अलीकडे. माशीमार, खाटीक, चंडोल, सगळे मैदानात. कड्यापलीकडे एकटा सुईवाला.

"म्हणजे त्यांची घट माझी नव्हे."

"नाही. ती त्यांचीच."

"हुश्श," ताई म्हणाली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "हुश्श काय म्हणतेय मी! मेलेत ते खरोखर."

त्या आलेखावरून, वयागणिक कान कसा थकतो याच्या तक्त्यांवरून आणि रेकॉर्डरमधल्या गाण्यांवरून मी प्रत्येक वर्षाचे तिचे वर्तुळ मागे मोजत नेले आणि सुईवाल्याची रेषा नव्याने काढली. तोही घटला होता. हवा त्यालाही सोडत नव्हती. पूर्वीच्या निम्माच उरला होता. पण निम्मा म्हणजे शून्य नव्हे, आणि कायद्याला तेवढे पुरेसे होते. संचालकांना मी नवी रेषा दाखवली. ती मुखपृष्ठावर शोभणार नाही, असे ते म्हणाले. बैठकीला संस्थेतर्फे कुणी जाणार नाही, असेही म्हणाले. ताई म्हणाली, मग मी माझ्यातर्फे जाते.

समितीच्या खोलीत लांबट टेबल होते, पाण्याचे पेले होते, आणि भिंतीवर कुठल्याशा पक्ष्याचे चित्र होते, जो या भागात कधीच आढळलेला नाही. अध्यक्षबाई मूळच्या अभियंता. कंपनीचा सल्लागार तरतरीत होता. एकेकाळी पक्ष्यांवर पदवी घेतलेला. त्याने ताईला वाकून नमस्कार केला, आणि त्या नमस्कारात खोट नव्हती. म्हणून तर तो अधिक धोक्याचा होता.

ताईने उभे राहून आपल्या कानांविषयी सांगितले, पावसाचे आकडे सांगावेत तसे. सल्लागाराने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"बाईंबद्दल मला नितांत आदर आहे," तो म्हणाला. "त्यांचीच पुस्तकं वाचून मी पास झालो. पण कालपर्यंत जे कान प्रमाण होते, ते आज अप्रमाण कसे? बरं, अप्रमाण म्हणता, तर मग त्याच कानांनी मोजलेले कस्तूर आणि चंडोलही अप्रमाण. कस्तूर हवामानामुळे घटतात, म्हणून धुरांड्यांवर निर्बंध आणायचे ते याच आकड्यांवर. बाईंनी ठरवावं: कान आहेत, की नाहीत?"

संचालक म्हणाले होते तेच, फक्त अधिक चांगल्या वाक्यरचनेत. मी उठू लागले. ताईने माझा पदर धरून मला खाली बसवले.

"प्रश्न चांगला आहे," ती म्हणाली. "तुम्हाला पास केलं ते चुकलं नाही. पण कान आहेत की नाहीत, हे वकिलासारखं विचारू नका. पक्षी मोजणाऱ्यासारखं विचारा. कुठल्या पट्टीपर्यंत आहेत? इथेच तपासा. माझ्या बहिणीने गाणी आणलीत. कुठलं कधी लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला सांगू नका."

"बाई, मी एवढ्या लांबून बोलतेय ते ऐकू येतंय ना तुम्हाला?" अध्यक्षबाईंनी काळजीने विचारले.

"तुमचा आवाज खालच्या पट्टीत आहे. सगळं ऐकू येतं. दुर्दैवाने."

टेबलाच्या टोकाला हशा पिकला. सल्लागाराने गाण्यांचा क्रम लिहून समितीच्या तंत्रज्ञाच्या हाती दिला. ताईने पेन्सिल घेतली आणि डोळे मिटले.

पहिले वाजले. "कस्तूर. दुसऱ्या विणीच्या दिवसांतला, आळशी झालाय."

दुसरे. "चंडोल. उडता उडता."

तिसरे जरा गुंतागुंतीचे होते. तिने मान तिरकी केली. "खाटीक. मेला दुसऱ्याची नक्कल करतोय, पण खाटीकच."

सल्लागार मान डोलावत होता. त्याला ते आवडत होते, हे त्याला लपवता येत नव्हते. तंत्रज्ञाने चौथे लावले.

खोलीत सुई ओवली गेली. एक लांब, चकचकीत धागा, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सल्लागाराची मान सर्वांत आधी वर झाली, थेट छताकडे, जणू पक्षी तिथेच बसला आहे. मग कामकाज टिपणाऱ्या टंकलेखिकेची बोटे थांबली. अध्यक्षबाईंचा हात नकळत कानाशी गेला. ज्या पक्ष्याच्या मृत्यूचा दाखला समोरच्या फाइलमध्ये होता, तो त्या फाइलवरून गात होता, आणि त्या खोलीत तो फक्त एका व्यक्तीला ऐकू येत नव्हता. ती डोळे मिटून, पेन्सिल धरून, ते तिचे पूर्ण संधी देणारे थांबणे थांबली होती.

"हं," ती सौजन्याने म्हणाली. "लावा ना."

तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिले. मी टेबलाकडे पाहिले.

"काही अडचण आहे का?" ताईने विचारले. गाणे दुसऱ्यांदा सुरू झाले होते. "यंत्राचं काय असेल तर सावकाश होऊ द्या. मला घाई नाही."

अखेर अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, वाजतंय."

ताईने डोळे उघडले. "आत्ता?"

"आत्ता."

तिने ध्वनिक्षेपकाकडे पाहिले नाही. तिने एकेक चेहरा पाहिला, थांब्यावर उभी राहून झुडपे न्याहाळावीत तसा. मग ती टंकलेखिकेकडे वळली आणि वर्गात सांगायची त्या आवाजात तिने सांगितले, "नोंद घ्या. गाणं वाजत होतं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं, मोजणारीला आलं नाही. तेव्हा तिचं शून्य ते पक्ष्याचं शून्य नव्हे. आधीची तिन्ही तिने ओळखली. तेव्हा त्यांची घट ती पक्ष्यांचीच घट. ही दोन्ही विधानं एकाच परिच्छेदात घ्या. वेगळी केलीत, की ज्याला जे सोयीचं ते तो उचलेल."

अर्ज फेटाळला गेला. सुईवाला पट्ट्यात आहे, सबब संरक्षण कायम. कस्तूर आणि चंडोल यांच्या घसरणीविषयीचे विधान, अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे सांगितले, विषयाशी थेट संबंध नसल्याने माहितीस्तव परिशिष्टात जोडावे. ताईचा परिच्छेद त्या खोलीतून बाहेर पडण्याआधीच दोन तुकडे झाला होता. जिवंत पक्ष्याला जागा मिळाली, मेलेल्यांना परिशिष्ट.

इमारतीबाहेरच्या जिन्यात ताईने कठडा धरला. खाली भाऊजी गाडीला टेकून उभे होते, आणि आम्ही दिसल्यावर उगाचच काच पुसू लागले.

"कसं होतं गं?" ताईने विचारले.

"काय?"

"गाणं. मी ते शेवटचं कधी ऐकलं, तेही मला माहीत नाही. तेव्हा कुठे ठाऊक होतं ते शेवटचं आहे म्हणून!" ती एक पायरी उतरली. "अजून तसंच आहे ना? शेवटी छोटीशी गिरकी घेऊन वर जातं?"

तिचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. "हो," मी म्हणाले. "अगदी तसंच."

ती थांबली. पुढच्या पायरीवर ठेवलेला पाय तिने मागे घेतला.

"ते वर जात नाही," ती म्हणाली. "कधीच गेलं नाही. सरळ येतं आणि तुटतं. खटकन."

"ताई, मी..."

"आता वाट तुला मिळणार, असं तू धरून चालली असशील."

मी धरून चालले होते.

"मी संस्थेला कळवते, तिला देऊ नका म्हणून." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठे उभे राहावे ते कळले असते. "तू मला बरं वाटावं म्हणून पक्षी लिहिशील. आत्ताच एक लिहिलास."

भाऊजींनी गाडीचे दार उघडले. "काय झालं? रागावलीस का तिच्यावर?"

"छे. नियम बदलतेय." ती गाडीत बसली, पट्टा ओढला, तो अडकला, पुन्हा ओढला. मग काच खाली करून वर समितीच्या खिडकीकडे पाहत म्हणाली, "तो सल्लागार कसा वाटतो? मान सगळ्यांत आधी त्याने वर केली. कान चांगले आहेत. विचारून बघ त्याला, येतो का उजाडताना वाटेवर."

"ताई, तो कंपनीचा माणूस आहे. तो तुला फसवायला बघेल!"

"बघू दे ना. त्याच्या शेजारी आणखी एक उभा करू, त्याला न आवडणारा. पण मला खूश करायला तो एकही पक्षी वाढवणार नाही." तिने भाऊजींच्या दंडावर टिचकी मारली. "चला. आणि वाटेत काही वाजलं, की सांगत जा."

गाडी निघाली. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होते. वरच्या खिडकीत सल्लागार कागद आवरत होता. खाली रस्ता होता. कुठल्या दिशेला जायचे हे मला नेमके सांगितले गेले होते, तरीही पाय उचलेपर्यंत मी बराच वेळ तशीच, एकदा वर आणि एकदा खाली पाहत राहिले. मग वळले आणि त्याला विचारायला वर चढू लागले.